कस्तुरीताईंची वाळू

कस्तुरीताई रस्त्यानं चालताना समोर कधी बघायच्या नाहीत. जमिनीकडं बघायच्या, नाहीतर जिथं कुठं खणलेलं असेल तिथं. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या बोळात एकदा गटारासाठी चर खणला होता. लोक नाकाला पदर लावून पलीकडून जात होते आणि ताई चराच्या कडेला उकिडव्या बसून आत वाकून बघत होत्या. त्यांच्या आईनं गॅलरीतून हाक मारली, "कस्तू, काय पडलं गं? कानातलं?"

"काही पडलं नाही अव्वा. बघतेय."

"गटारात काय बघलालीस?"

"खाली काय आहे ते."

"खाली काय असणार, घाणच असणार की. वर ये, भाकरी गार होऊलालीय."

त्यांच्या आईला सगळा बोळ अव्वा म्हणायचा, मीही म्हणायचे. मी त्यांच्याकडं भाकऱ्या करायला आणि वरचं काम करायला जायचे. मी मूळची वळसंगची, शाळा चौथीपर्यंत. कस्तुरीताई मला शोभाक्का म्हणायच्या. मी वयानं मोठी, पण त्यांच्याशी अहोजाहोच करायचे. एवढं शिकलेल्या बाईला अगं कसं म्हणायचं?

त्यांच्या घरात एक गोष्ट घडली. तिच्याबद्दल बोलायचं नाही असं मी कबूल केलं होतं आणि बोलले नाही. आता ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्या अव्वाच राहिल्या नाहीत. घर विकलं गेलं. ताई सोलापूर सोडून गेल्या. परवा त्या बोळातून जाताना गॅलरीत दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत घातलेले दिसले, आणि घरी आल्यावर वाटलं की आपल्यापुरतं लिहून ठेवावं. मी विसरले तर ही गोष्ट कुणालाच ठाऊक राहणार नाही.

ताईंनी डोंगराची डॉक्टरकी केली होती. शेजारच्या काकू पहिल्यांदा गुडघा दाखवायला आल्या तेव्हा ताई हसल्या नाहीत. गुडघ्याला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "काकू, झीज झालीय. डोंगरालाही होते. त्याला लाखभर वर्षं लागतात, तुम्हाला साठ लागली."

"मग गोळी दे की."

"माझ्याकडं हातोडी आहे फक्त."

काकू तेव्हापासून त्यांना हातोडीची डॉक्टर म्हणायला लागल्या.

डॉक्टरकीनंतर त्या आणखी काय करत होत्या ते अव्वांना कळत नव्हतं. मलाही नव्हतं. अव्वा विचारायच्या, "सगळ्या परीक्षा झाल्या म्हणतीस, मग परत काय शिकलालीस?"

"शिकत नाही अव्वा. आता संशोधन करते. त्याचे पैसे मिळतात."

"मग नोकरी म्हण की."

"नोकरी नाही. पाहुणी आहे मी तिथं. काही वर्षांपुरतं ठेवून घेतलंय. तेवढ्यात काम दाखवलं तर घरातली होईन. नाहीतर उठायचं."

"पस्तिशी आली, आणि ही अजून पाहुणी," असं म्हणून अव्वा कपाळाला हात लावायच्या. पण बाहेर बोळात सांगायच्या, "आमची कस्तू हिमालयात असती. देवाच्या दारात." कस्तू तिथं खड्ड्यात उतरून माती खरवडते हे अव्वांना ठाऊक नव्हतं. ताईंनी ते कधी नीट सांगितलंच नाही. एकदा त्या डोंगरातून आल्या तेव्हा मी त्यांना पाय शेकायला गरम पाणी दिलं. दोन बोटांची नखं गेली होती, उरलेली काळी पडली होती. अव्वा तेवढ्यात आत आल्या. ताईंनी पाय पाण्यात आणखी खाली दाबले आणि म्हणाल्या, "चप्पल लागली गं नवी." अव्वा गेल्यावर मला म्हणाल्या, "शोभाक्का, हिला सांगितलं तर ही मला जाऊच द्यायची नाही." आईला काळजी नको म्हणून त्या बऱ्याच गोष्टी गिळायच्या. त्यांचा स्वभावच तो.

काम काय होतं ते त्यांनी मला मात्र सांगितलं होतं. मी काही विचारत नाही, नुसती ऐकते, म्हणून असेल. एकदा जेवायला बसल्या असताना त्यांनी ताटातली कडक भाकरी घेतली आणि मधोमध मोडली. दोन्ही तुकडे एकमेकांना लावून एक जरा वर सरकवला.

"ही जमिनीतली भेग. पुस्तकात तिला मोठं नाव आहे, तू भेग म्हण. खालून जमीन अशी सरकते आणि डोंगर वर येतो." मग मूठ करून तुकड्यावरून घासत नेली. भुगा पडला. "आणि ही हिमनदी. बर्फाची नदी. तिच्या पोटात दगड असतात, त्यांनी ती सगळं खरवडत नेते. आता सांग, ही दरी कुणी केली? खालून सरकणाऱ्या भेगेनं, का वरून घासणाऱ्या बर्फानं?"

अव्वा म्हणाल्या, "तू केलीस. अन्नाशी खेळू नये."

"आधी कोण आलं ते कळलं पाहिजे अव्वा. तेच तर शोधतेय."

"मग कोण आलं आधी?"

"माहीत नाही."

हे 'माहीत नाही' त्या फार सहज म्हणायच्या. आमच्याकडं कुणी शिकलेला माणूस असं म्हणत नाही. अव्वा म्हणायच्या, "अगं अंदाजानं सांग की, आम्हाला काय कळलालंय." त्या अंदाजानं कधी सांगायच्या नाहीत. म्हणायच्या, "अंदाजानं सांगायला मी कशाला पाहिजे?"

आमच्या सोलापूरच्या जमिनीला त्या झोपाळू म्हणायच्या. लाव्हा आला, थंड झाला, झोपला. "माझी तिकडची जमीन अजून जागी आहे," असं म्हणताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसा दुसऱ्या बायकांचा पोराबाळांबद्दल बोलताना होतो.

ती गोष्ट घडली त्या वर्षी थंडीच्या आधी त्या डोंगरातून परत आल्या तेव्हा एक पत्र्याची ट्रंक बरोबर होती. हमालालाही उचलेना. आत लोखंडी नळ्या होत्या, हातभर लांब, दोन्ही तोंडांना काळी पट्टी गुंडाळलेली. त्यांची संस्था दुसऱ्या गावी. तिथलं तपासणीचं यंत्र बिघडलेलं होतं आणि नंबर लागायला वेळ होता. अव्वांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं म्हणून ताई सोलापूरला आल्या आणि ट्रंक इथंच आणली. तिकडं कोण कुठली खोली उघडेल सांगता येत नाही, म्हणाल्या. "घरात कोण हात लावणार?"

मागच्या खोलीत, पलंगाखाली ट्रंक सरकवताना त्यांनी मला सांगितलं. नळ्यांत वाळू होती. हिमनदीनं आणून टाकलेली, मग भेगेनं तोडलेली. वाळूचा कण जमिनीखाली अंधारात गाडला गेला की त्याच्या पोटात काळ साठत जातो. यंत्रात घातला की तो किती वर्षं अंधारात होता ते सांगतो. पण एकदा ऊन लागलं की साठलेलं सगळं पुसून जातं. म्हणून त्या नळ्या त्यांनी अंगावर काळं कापड पांघरून डोंगराच्या कड्यात ठोकल्या होत्या.

"किती ऊन लागलं तर?" मी विचारलं.

"थोडंसुद्धा पुरतं."

अव्वांना त्या एवढंच म्हणाल्या, "ट्रंक ओढू नकोस हं अव्वा, लई जड आहे, कंबर धरेल."

ऑपरेशन झालं. महिनाभर काळा चष्मा आणि डोळ्यांत थेंब. मग चष्मा निघाला आणि अव्वांना सगळं नव्यानं दिसायला लागलं. भिंतीवरचे डाग, फळीवरची धूळ, माझ्या भाकरीचा करपलेला काठसुद्धा. "शोभे, एवढी वर्षं मी हे खाल्लं?" असं म्हणून मला रोज बोलायच्या. त्यांना इतका आनंद झाला होता, की सापडेल ते त्या घासून पुसून ठेवत होत्या. उन्हं तापायला लागली होती. गच्चीवर सांडगे, कुरडया, मिरच्या असं वाळवण चाललं होतं. ओलं काही घरात ठेवायचं नाही, हा त्यांचा नेम. ओलं राहिलं की किडतं.

ताई कामासाठी पुण्याला गेल्या होत्या. माझ्या भावाकडं वळसंगला कार्य होतं म्हणून मीही दोन दिवस गेले होते.

परत आले त्या दिवशी सकाळी बोळाच्या तोंडाशीच ताई भेटल्या, त्याही नुकत्याच गाडीतून उतरलेल्या. आम्ही बरोबरच वर गेलो. घर लख्ख होतं. अव्वांनी गच्चीवरूनच हाक दिली, "कस्तू, वर या दोघी. बघा तर खरं."

गच्चीवर अव्वांच्या जुन्या लुगड्याचे तुकडे ओळीनं अंथरले होते. प्रत्येक तुकड्यावर वाळू पसरलेली. प्रत्येक ढिगाशेजारी त्याची नळी आडवी ठेवलेली आणि नळीवर, वाऱ्यानं उडू नये म्हणून, काळ्या पट्टीचं भेंडोळं. अव्वा एका ढिगाशी बसून सुपात वाळू घेऊन खडे निवडत होत्या.

"ओली किच्च होती गं," अव्वा म्हणाल्या. "ट्रंक ओढली नाही हां मी. तू सांगितलं होतंस. एकेक नळी काढून आणली. कुबट वास मारलालता. कालपास्नं घातलीय, आज खडखडीत झाली. आणि ह्याची त्यात मिसळू दिली नाही, बघ. खडे पण काढले, वाटीत ठेवलेत, तुला लागले तर."

ताई दारातच उभ्या होत्या. खांद्यावरची पिशवी कधी खाली आली ते त्यांना कळलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

मग त्या जाऊन अव्वांच्या शेजारी बसल्या. सुपातली चिमूटभर वाळू घेऊन बोटांत चोळली.

"डोळ्यांना त्रास नाही ना झाला उन्हाचा?" त्यांनी विचारलं.

"मला काय होतंय? आता सुईत दोरा ओवते मी."

"बरं केलंस अव्वा. ओली राहिली असती तर खराब झाली असती."

"तेच म्हणलं मी! पोरगी एवढ्या लांबनं आणती, आणि घरात आणून कुजवायची व्हय?"

ताईंनी तिथं बसून सगळी वाळू परत नळ्यांत भरली. ज्याची त्याला. प्रत्येक तोंडाला काळी पट्टी घट्ट गुंडाळली, जशी आधी होती तशी. अव्वा बघत होत्या म्हणून. कुठल्या तुकड्यावरची एक चिमूट राहिली तर तीही झटकून आत घातली. मी मदतीला बसले.

जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "शोभाक्का, तुला ठाऊक आहे. तू बोलायचं नाहीस. कधीच."

"आता काय होणार ताई?"

"परत जाईन. परत आणीन. मी सांगितलं नव्हतं तिला, तिची चूक नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "एकपण ढीग मिसळू दिला नाही गं तिनं."

बर्फ वितळून तिकडचा घाट उघडल्यावर त्या गेल्या. पण त्या साली तिकडं कडा कोसळला होता. जिथं त्यांनी खड्डा काढला होता ती अख्खी बाजू दगडाखाली गेलेली. नवा खड्डा काढायला माणसं हवीत, पैसे हवेत, दुसरं साल हवं. त्या रिकाम्या नळ्या घेऊन परत आल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "डोंगर त्याचं काम करतोय. त्याला काय माहीत माझी मुदत कधी संपते?"

पावसाळ्यात त्यांच्या संस्थेतला एक मित्र आला, मिलिंद नावाचा. उंच, बोलका, पुण्याकडचा. अव्वांनी त्याला समोर बसवून वाढलं. शेंगाची चटणी, दही, कडक भाकरी. तो मनापासून जेवत होता. अव्वांना बोलायला नवा माणूस मिळाला.

"आमच्या कस्तूच्या कामात माझा पण हात हाय बरं का," अव्वा म्हणाल्या.

"हो का आई? तुम्ही काय केलंत?"

"तिनं ती वाळू आणली व्हती बघा नळ्यांतली, ओली किच्च. ती मी वाळवली. दोन दिवस, कडक उन्हात."

मिलिंदचा घास हातातच राहिला. तो ताईंकडं बघायला लागला. मी चुलीपाशी होते. माझ्या तव्यावरची भाकरी फुगली आणि तशीच करपली, मला उलटायचं सुचलं नाही.

"खडे पण निवडले," अव्वा म्हणाल्या.

"मिलिंद, चटणी घे," ताई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, पण त्या त्याच्याकडं अशा बघत होत्या, की मी तसं त्यांना कुणाकडं बघताना पाहिलं नव्हतं. हात जोडले नव्हते एवढंच.

त्यानं घास गिळला. म्हणाला, "छान केलंत आई. आमच्याकडं एवढं लक्ष कोण देतं?"

"तेच की!" अव्वा खूश झाल्या. त्याच्या ताटात त्यांनी आणखी एक भाकरी टाकली.

जेवण झाल्यावर ते दोघं खाली जिन्यात बोलत उभे राहिले. मी मोरीत भांडी घासत होते, मोरी जिन्याला लागून.

"तू संस्थेत आपल्या सरांना सांगितलंस, पट्ट्या नीट लावल्या नव्हत्या, माझ्या निष्काळजीपणामुळं उघडल्या!" मिलिंद म्हणत होता. "कस्तुरी, त्यांनी ते तसं लिहिलंय. निष्काळजी. खरं सांगितलं असतंस तर मुदत वाढवून दिली असती. निदान विचार केला असता."

"खरं काय सांगू? आईनं वाळवण घातलं?"

"हो. तेच."

"सर चांगले आहेत. मुदत दिलीही असती. आणि मग पुढच्या परिषदेत चहाच्या वेळी सांगितलं असतं. सगळे हसले असते. वाईट मनानं नाही रे, प्रेमानंच. मग प्रत्येक नव्या मुलाला सांगितलं असतं की, नमुने घरी नेऊ नका, एकीच्या आईनं सांडग्यांबरोबर वाळत घातले होते. वीस वर्षं सांगितलं असतं. माझी आई तेवढ्यासाठीच लक्षात राहिली असती सगळ्यांच्या."

"आणि तू कशासाठी लक्षात राहणार आता?"

नळ बंद केला तर मी ऐकतेय हे त्यांना कळेल, म्हणून पाणी चालूच ठेवलं. मी तशीच उभी राहिले.

मुदत वाढली नाही. ताई सोलापुरात आल्या त्या राहिल्याच. दुसरीकडं अर्ज केले, पण निष्काळजी हा शब्द त्यांच्या आधी तिथं पोचलेला असायचा. मग एका क्लासमध्ये शिकवायला लागल्या. सरकारी परीक्षांचा क्लास, एका कापडाच्या दुकानाच्या वर. अव्वांना वाटलं, पोरगी आपल्यासाठी परत आली. एका अर्थी खरंच होतं. बोळात कुणी टोमणा मारला, "काय अव्वा, हिमालयातनं खाली आली व्हय लेक?" तर अव्वा म्हणायच्या, "काम झालं तिचं तिथलं. मीच वाळू वाळवून दिली न्हवं का." ताई शेजारी उभ्या असायच्या. मान हलवायच्या.

पुढच्या थंडीत अव्वांना फुप्फुसाचा त्रास झाला आणि त्या उठल्याच नाहीत. शेवटच्या दिवसांत मी त्यांच्याकडंच असायचे. एका दुपारी अव्वा चांगल्या शुद्धीवर होत्या. ताई पायाशी बसल्या होत्या.

"कस्तू, त्या वाळूवरनं काय निघालं गं शेवटी?" अव्वांनी विचारलं. "तू सांगितलंच नाहीस. आधी कोण आलं? बर्फ का भेग?"

ताईंनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता म्हणतील, माहीत नाही.

"भेग आली अव्वा आधी," त्या म्हणाल्या. "भेगेनं वाट करून दिली. मग बर्फ त्या वाटेनं आलं. म्हणून ती दरी झाली."

"नक्की?"

"नक्की."

"मग मी वाळवली ते बरं झालं."

"व्हय अव्वा. म्हणून तर कळलं."

अव्वांनी डोळे मिटले आणि हसल्या. ताईंनी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली, मग गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ आत आल्या नाहीत. आईला उन्हाची गोष्ट न सांगणं वेगळं. त्यात त्यांनी नुसता गप्प राहण्याचा भार घेतला होता. पण अंदाजानं बोलायचं नाही, हे एवढंच त्यांच्याजवळ उरलं होतं. त्या दिवशी तेही त्यांनी आईला देऊन टाकलं.

अव्वा गेल्यावर घर विकायचं ठरलं. ताईंना लातूरकडं कुठल्याशा क्लासमध्ये जागा मिळाली होती. घराची माझ्याकडं राहिलेली किल्ली द्यायला मी त्यांच्या इथल्या क्लासवर गेले. तोवर मी कधी वर गेले नव्हते. जिना चढून दाराशी थांबले. दार उघडंच होतं. पोरंपोरी दाटीनं बसलेली. ताई फळ्याजवळ हातात प्रश्नांचा कागद घेऊन उभ्या होत्या.

"हिमनदीमुळं तयार होणाऱ्या दरीचा आकार कसा असतो?" त्यांनी वाचलं. "पर्याय अ, पर्याय ब..."

मागून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, असा का होतो पण तो आकार?"

ताई थांबल्या. मग खडू घेऊन फळ्याकडं वळल्या. एका दमात त्यांनी दरी काढली. तिच्या दोन्ही अंगांचे कडे काढले. बर्फानं आणून टाकलेले दगड काढले. एक तिरपी रेघ सगळ्याच्या खालून ओढली आणि रेघेच्या एका बाजूची जमीन जराशी वर उचलली. मग आणखी काढत गेल्या. त्या काहीच बोलत नव्हत्या. खडूचाच आवाज येत होता. फळा भरत चालला. त्यांचं तोंड मला बाजूनं दिसत होतं, आणि ते पूर्वीसारखं झालं होतं.

पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे उतरवून घ्यायचं का? परीक्षेला आहे?"

ताईंनी फळ्याकडं बघितलं. दाराशी उभी असलेली मी त्यांना दिसले नव्हते.

"नाही," त्या म्हणाल्या. "परीक्षेला नाही हे."

त्यांनी तळहातानंच फळा पुसला. पांढरा झालेला हात साडीला न पुसता तसाच धरून त्या कागदाकडं वळल्या.

"पर्याय ब," त्या म्हणाल्या. "पुढचा प्रश्न."

किल्ली मी खाली दुकानात ठेवली आणि निघून आले.